लिंक नाही!

हिंगोली जिल्ह्यात ज्यानं कधी बँकेच्या काउंटरसमोर रांग धरलीय, त्याला हे दोन शब्द तोंडपाठ असतात. पीकविम्याचे पैसे जमा झालेत का बघायचंय? लिंक नाही. पासबुकात एन्ट्री मारायचीय? लिंक नाही. लग्नाचा बस्ता बांधायचाय आणि तिथी परवावर आलीय? मग तर हमखास लिंक नाही. सेनगावची आजी असो की वसमतचा हळदीचा आडत्या, हा इंग्रजी शब्द सगळ्यांनी कधीच मराठी करून टाकलाय. पण ही लिंक म्हणजे नेमकी काय वस्तू, ती येते कुठून आणि जाते कुठं, हे कोणी विचारत नाही.

मी काही वर्षं काखेत लॅपटॉप आणि खिशात पेचकस घेऊन याच लिंकच्या मागं हिंडलोय, म्हणून सांगतो. फायबर येईपर्यंत किती तरी ठिकाणी ती लिंक म्हणजे राउटरच्या पाठीत बसवलेलं तळहाताएवढं एक कार्ड आणि पेन्सिलच्या शिसाएवढ्या तांब्याच्या दोन तारा, बस्स. कार्डाचं पाळण्यातलं नाव जी डॉट एसएचडीएसएल. त्यातला पहिला ‘एस’ बहुतेक जण सिमेट्रिकचा मानतात. म्हणजे दोन्ही बाजू सारख्या. नाव घेताना जीभ अडखळते, पण त्याच्या गमती ऐकण्यासारख्या आहेत.

परात आणि वाटी

घरचं जुनं ब्रॉडबँड आठवा. गाणं उतरवून घ्यायला पटकन, पण लग्नाचे फोटो पाठवायचे म्हटले की चहा पिऊन यावं. त्या एडीएसएलची रचनाच तशी: घ्यायला परात, द्यायला वाटी. घरच्या माणसाला घ्यायचंच जास्त असतं. बँकेचं, कोषागाराचं, तहसीलचं तसं नाही. तिथं जितकं येतं, जवळपास तितकंच तिथून जातंही. म्हणून त्यांच्यासाठी घेण्याचा वेग तोच देण्याचा वेग असलेली ही दुसरी जात.

गंमत म्हणजे डीएसएलच्या घराण्यात सिमेट्रिक हा थोरला आणि लंगडा एडीएसएल धाकटा. ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या बेलकोर कंपनीतले इंजिनिअर जोसेफ लेक्लायडर यांच्या लक्षात आलं, की दोन्ही दिशांना सारखाच जोर लावला की केबलीतल्या शेजारच्या तारांना त्रास होतो. एका दिशेचा जोर कमी केला तर दुसरीकडं पुष्कळ मिळतं. म्हणजे घरच्या ब्रॉडबँडचं ते लंगडेपण ही चूक नव्हे, ती शोधून काढलेली युक्ती आहे. त्याच युक्तीसाठी त्यांचं नाव अमेरिकेच्या संशोधकांच्या सन्मान-दालनात लागलंय.

चौसष्टचा पाढा

टेलिफोनच्या जगात सगळं ६४वर चालतं. माणसाचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजायचा आणि प्रत्येक माप ८ बिटांत लिहायचं. आठ हजार गुणिले आठ, झाले ६४,०००. म्हणजे एका बोलण्याला ६४ केबीपीएस. इथून पुढं नुसता पाढा म्हणायचा. चौसष्ट त्रिक १९२, हा एसएचडीएसएलचा सगळ्यात कमी वेग. चौसष्ट सक ३८४, हा जुन्या व्हिडिओ कॉन्फरन्सचा नेहमीचा वेग. कलेक्टर ऑफिसातल्या पडद्यावर साहेबांचे ओठ आधी हलायचे आणि रागावणं मागून यायचं, ते या आकड्याच्या जमान्यात. चौसष्ट बत्तीसे २,०४८, म्हणजे ज्याला सगळे ‘दोन एमबी’ म्हणतात ती लाईन. राज्याच्या मुख्यालयापासून तालुक्यापर्यंत सरकारी कचेऱ्या जोडण्याची ‘स्वान’ योजना केंद्रानं २००५मध्ये मंजूर केली, तेव्हा किमान म्हणून हाच आकडा धरला होता.

आणि चौसष्ट छत्तीसे २,३०४. त्यात वर ८ टाकले की २,३१२ केबीपीएस. एका जोडीवरून इतकंच जाईल, असं २००१च्या जागतिक मानकात लिहून ठेवलंय. किराणा दुकानदार वर चिमूटभर टाकतो, तसे हे आठ! पुढं २००३मध्ये मानक सुधारलं आणि मजल ५,६९६वर गेली.

दोघी जावा

आता या कार्डाची खरी करामत. एडीएसएलमध्ये जाणाऱ्या आणि येणाऱ्या आवाजांना वेगवेगळ्या पट्ट्या वाटून दिलेल्या असतात; खालच्या पट्टीत तू बोल, वरच्या पट्टीत मी. एसएचडीएसएलमध्ये असलं काही नाही. दोन्ही टोकं एकाच वेळी, एकाच पट्टीत, त्याच दोन तारांवर बोलतात.

हे कसं जमतं? ओसरीवर दोघी जावा ज्वारी निवडत बसल्यात असं समजा. दोघी एकदमच बोलतायत, कोणीच थांबत नाही, तरी थोरलीला धाकटीचं आणि धाकटीला थोरलीचं अक्षर न् अक्षर कळतंय. कारण साधं आहे: आपण काय बोललो ते जिचं तिला ठाऊक असतं. कानावर येणाऱ्या गलक्यातून स्वतःचा आवाज वजा केला की उरेल ते समोरचीचं. कार्डात नेमकी हीच वजाबाकी चालते, सेकंदाला लाखो वेळा. स्वतःचा आवाज कानाशी जवळून, म्हणून मोठा. समोरच्याचा तीन किलोमीटरवरून आलेला, म्हणून क्षीण. तरी तो गाळून घ्यायचा.

वजाबाकी बरोबर यावी म्हणून आधी ओळख लागते. कार्डाला वीज दिली की लिंक लगेच उठत नाही. दोन्ही टोकं आधी एकमेकांना ठरावीक सूर ऐकवतात, तार किती लांब, कुठं गळते, किती खरखर आहे याचा अंदाज घेतात, मग वेग ठरवतात. याला ट्रेनिंग म्हणतात, पण हा शुद्ध बघण्याचा कार्यक्रम आहे. कॅरिअरचा दिवा आधी लुकलुकतो, मग स्थिर होतो. तोवर मॅनेजर, शिपाई आणि रांगेतले चार जण मिळून त्या हिरव्या ठिपक्याकडं असं बघत राहतात, जसं नळाला पाणी येण्याआधी तोटीकडं बघतात.

कोरडी जोडी

ही गोष्ट लांबेल, पण हिला इलाज नाही.

फोनच्या तारेवर एक्स्चेंजकडून कायम ४८ व्होल्ट सोडलेले असतात, आणि तेही उणे. उणे कशासाठी? तार जमिनीच्या मानानं ऋण राहिली की ओलीत तांबं झिजत नाही. अधिक टोक जमिनीत गाडून गंजाची बला तिकडं टाळलेली. लीज्ड लाईनच्या जोडीला हे ४८ व्होल्ट नसतात. टोन नाही, घंटा नाही. लाईनवाले तिला ‘ड्राय पेअर’ म्हणतात, कोरडी जोडी. एसएचडीएसएल अगदी तळाच्या कंपनांपासून सगळी पट्टी स्वतःच वापरतं, त्यामुळं त्या जोडीवर साधा फोन ठेवायला जागाच उरत नाही.

आणि इथंच घोळ होतो. एका तालुक्याच्या गावी, ऐन जुलैत, सकाळी अकराला लिंक गेली. राउटर बंद-चालू केला, कार्ड काढून घासून बसवलं, देवाचं नाव घेतलं. दिवा लागेना. दुपारी लाईनमनमामांना गाडीवर मागं बसवून पिलरपर्यंत गेलो. पिलर म्हणजे रस्त्याकडेचं ते हिरवट लोखंडी कपाट, ज्याला टेकून हमखास एखादी पानटपरी असते. मामांनी दार उघडलं, दोन बोटं आत घातली आणि निवांत म्हणाले, “साहेब, ही जोडी डेड व्हती. टोन नव्हता. म्हणून काल नव्या कनेक्शनला दिली.”

म्हणजे बँकेची जिवंत लिंक, तिच्यात टोन नाही एवढ्यावरून, मेली म्हणून घोषित झाली आणि तिचा वारसही नेमला गेला. गावात कोणाच्या तरी घरी नवा फोन लागल्याचे पेढे वाटले जात होते आणि इकडं दोनशे माणसांची रांग ताटकळत होती.

जोडी परत लावल्यावर मामांच्या हातातला टेस्ट करायचा फोन मी तिच्यावर टेकवला आणि त्यांच्या कानाला दिला. त्यांनी डोळे बारीक केले. “हे काय, गरम तेलात मोहरी टाकल्यावानी आवाज यायलाय.”

“तेच बँकेचे पैसे, मामा.”

ते खोटं नव्हतं. डेटा तारेवर सोडण्याआधी पुरता घुसळलेला असतो, त्यामुळं माणसाच्या कानाला तो फक्त सळसळाट वाटतो. मामांनी खिशातून लाल चिकटपट्टी काढली, त्या जोडीला गुंडाळली आणि वर पेननं ‘बँक’ लिहिलं. त्यानंतर त्या पिलरमध्ये तसं कधी झालं नाही. मानकं जिनिव्हात लिहितात. अंमल लाल पट्टीनं होतो.

जाता जाता आणखी एक. बोलत्या फोनच्या तारेतून थोडी वीज वाहत राहते, त्यामुळं जोडांवर काट धरत नाही. कोरड्या जोडीचे जोड मात्र हळूहळू काळवंडतात. त्यावर उतारा म्हणून एसएचडीएसएलच्या मानकातच किंचित वीज सोडत राहण्याची सोय आहे. तिला नाव काय? ‘वेटिंग करंट’. वाट बघणारी नव्हे, ओलं करणारी! कोरड्या जोडीला ओलावा.

सुंभ आणि पीळ

केबल सोलली की आतल्या प्रत्येक जोडीच्या तारा एकमेकींना पीळ घालून असतात. ही कल्पना खुद्द टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलची, १८८१ची. पीळ असला की बाहेरची खरखर दोन्ही तारांवर सारखीच पडते आणि टोकाला वजाबाकीत निघून जाते. वर आणखी काळजी अशी, की शेजारशेजारच्या जोड्यांचा पीळ मुद्दाम कमी-जास्त ठेवतात, नाहीतर त्या एकमेकींचं ऐकू लागतात.

तांबं चोरणारे केबल उपटून नेतात आणि प्लास्टिक जाळून टाकतात. जाळल्यावर उरतं काय, तर लालसर तार, आणि तिच्यातला वेढा तसाच्या तसा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही ही म्हण ज्यानं केली त्यानं टेलिफोन पाहिला नव्हता, पण बरोबर बोलला.

नऊ रंग, काळोखात

केबलीतल्या वीस जोड्यांच्या जुडीत आपली जोडी कशी सापडते? रंगांची बाराखडी असते. एका तारेला पांढरा, लाल, काळा, पिवळा. दुसरीला निळा, केशरी, हिरवा, तपकिरी, राखाडी. चार पंचे वीस जोड्या. पांढरा-निळा पहिली, पिवळा-राखाडी विसावी. वर सगळीकडं पाणी शिरू नये म्हणून व्हॅसलिनसारखी चिकट जेली भरलेली. जुने लाईनमन पावसात, खड्ड्यात उकिडवे बसून, तोंडात बॅटरी धरून हे रंग ओळखतात. तपकिरी आणि राखाडी जेलीत माखल्यावर सारखेच दिसतात, एवढं सांगतो. हात रॉकेलनं धुवावे लागतात आणि त्या दिवशी भाकरीला चव वेगळीच लागते.

एटीएममधलं एटीएम

बँकेच्या लोकांना मी हमखास सांगायचो असा विनोद: राउटरच्या सेटिंगमध्ये या एसएचडीएसएल कार्डाचं नाव ‘एटीएम झिरो स्लॅश झिरो’ असं दिसतं. पैशांच्या मशीनशी त्याचा काही संबंध नाही. ते एसिंक्रोनस ट्रान्सफर मोड, डेटाचे एकसारखे छोटे डबे करून पाठवायची पद्धत. एकदा मी फोनवर “एटीएम डाऊन आहे” म्हणालो आणि पलीकडच्यांनी मशीनचं शटर ओढून घेतलं.

या डब्याचं माप ५३ बाइट. इतका विचित्र आकडा का? अमेरिकेला आत ६४ बाइटांचा माल हवा होता, युरोपला ३२चा. फ्रान्सचा आग्रह तर अशासाठी, की ३२ ठेवले तर त्यांच्या देशापुरत्या फोनवर प्रतिध्वनी मारायची यंत्रं लावावी लागणार नाहीत. शेवटी समितीनं मधला ४८ धरला, वर पत्त्याचे ५, झाले ५३. कोणालाच नको असलेला आकडा सगळ्यांनी मान्य केला. आपल्याकडं बांधाच्या वादात तलाठी मधोमध दगड रोवतो, त्यातलाच प्रकार.

विक कार्ड आणि फिरलेलं देऊळ

सिस्को कंपनीच्या जुन्या राउटरांत बसणाऱ्या या कार्डांना डब्ल्यूआयसी म्हणतात. बोलताना ‘विक’. मराठी माणसाला हे ऐकून आधी हसू येतं, मग प्रश्न पडतो, कोणाला विकू? सिस्को हे नावही शहराचं शेपूट तोडून काढलेलं, सॅन फ्रान्सिस्कोमधलं. बोधचिन्हातल्या उभ्या रेघा म्हणजे तिथला गोल्डन गेट पूल.

विक कार्डाचा फायदा असा, की आधी राउटर वेगळा, मॉडेम वेगळा, आणि दोघांना जोडणारी व्ही पस्तीस नावाची, मनगटाएवढ्या जाड डोक्याची ३४ पिनांची केबल असायची. एक पिन वाकली की दिवस गेला. कार्डानं मॉडेमच राउटरच्या पोटात घातला. मात्र राउटर चालू असताना कार्ड उपसायचं नाही. विजेचं बटण बंद, दोन स्क्रू सैल, मग बाहेर. घाई केलेल्यांची उदाहरणं माझ्याजवळ आहेत. त्यातलं एक मी स्वतः.

आणखी एक लाघव: एका ओळीची कमांड दिली की हे कार्ड ग्राहकाचं टोक सोडून एक्स्चेंजचं टोक होतं. मग मध्ये एक्स्चेंजचं यंत्र नसलं तरी चालतं. दोन राउटर, मध्ये नुसती तांब्याची जोडी, लिंक तयार. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा औंढा नागनाथच आठवला. नर्सीच्या नामदेवांना कीर्तनासाठी देवळाच्या मागं पाठवलं, तर देऊळच त्यांच्याकडं तोंड करून फिरलं, अशी आपल्याकडची आख्यायिका. नर्सी आणि औंढा दोन्ही हिंगोली जिल्ह्यातच. समोरची बाजू कोणती आणि मागची कोणती, हा प्रश्न इथं आधीच निकालात निघालेला आहे.

जिल्हा हिंगोली, फोन परभणी

१ मे १९९९ला हिंगोली परभणीतून फुटून वेगळा जिल्हा झाला. पाच तालुके, नवी कचेरी, नव्या पाट्या. पण टेलिफोनला कोणी कळवलंच नाही. बीएसएनएलच्या नकाशात दोन्ही जिल्हे मिळून परभणीचाच दूरसंचार जिल्हा राहिला. एसटीडी कोड बघा: परभणी ०२४५२, वसमत ०२४५४, कळमनुरी ०२४५५, हिंगोली ०२४५६. वाटणी झाली तरी सातबारा एकत्रच. मध्यवर्ती सहकारी बँकही दोघांची एकच आहे, परभणीची. रेल्वेची तऱ्हा तिसरीच. स्टेशनची पाटी अजून ‘हिंगोली डेक्कन’.

उन्हाळी तांबं

तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला साधारण ०.३९ टक्क्यांनी वाढतो. हिवाळ्यातली १५ अंशांची पहाट आणि मे महिन्यातली ४५ची दुपार यांत ३० अंशांचं अंतर. म्हणजे उघड्यावरच्या तारेत १२ टक्क्यांच्या आसपास फरक. ०.४ मिलिमीटर तारेच्या ३ किलोमीटर जोडीचा लूप ८००-सव्वाआठशे ओहम भरतो, त्यात शंभराची भर. केबल जमिनीखाली असेल तर एवढं जाणवत नाही, पण काठावर चालणारी लिंक दुपारीच का पडते याचं एक उत्तर इथं आहे. “उन्हानं लाईन आळसावते” असं मामा म्हणायचे, तेव्हा मी हसलो होतो. ते शब्द मागं घेतो.

जाडी वाढली की दुखणं कमी. रेल्वेच्या रुळांकडेनं पुरलेल्या क्वाड केबलीत ०.९ मिलिमीटरची तार असते. तिचा रोध ०.४वाल्या तारेच्या पाचव्या हिश्श्याइतका. तशी केबल मला शाखांसाठी मिळाली असती तर माझे निम्मे केस अजून काळे असते.

चार किलोमीटरचे दोन हात

तांब्याचे दिवस आता सरले. भारतनेटचं फायबर ग्रामपंचायतीपर्यंत न्यायचं २०११मध्ये ठरलं, आणि विक कार्डं भंगारात किलोवर गेली. पण हिंगोलीचं आणि सिमेट्रीचं नातं काही सुटायला तयार नाही. औंढा तालुक्यात दुधाळ्याच्या बाजूला लायगो-इंडिया उभं राहायचंय. एकमेकांशी काटकोनात असलेल्या, बरोबर चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या. लेसरचा एक झोत दोन्हींत वाटून पाठवायचा, आरशांवरून परत आणायचा आणि टोकाला एकमेकांतून वजा करायचा. दोन्ही हात तंतोतंत सारखे असले की बाहेर अंधार. दूर कुठं दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली आणि त्या लहरीनं एक हात प्रोटॉनच्या दहा हजाराव्या हिश्श्याएवढा जरी ताणला गेला, तर मग उजेड. पुन्हा तीच, जावांची वजाबाकी.

अमेरिकेतल्या लायगोनं असली लहर पहिल्यांदा पकडल्याचं ११ फेब्रुवारी २०१६ला जाहीर झालं. आपल्या केंद्रीय मंत्रिमंडळानं तत्त्वतः मंजुरी दिली ती १७ फेब्रुवारीला, सहा दिवसांत. अंतिम मंजुरी यायला मात्र ६ एप्रिल २०२३ उजाडला. त्यात २,६०० कोटी रुपयांची तरतूद. सहा दिवस आणि सात वर्षं, हे प्रमाण काही सिमेट्रिक म्हणता येणार नाही.

एसएचडीएसएल ०.४च्या तारेवर दोन एमबीच्या वेगानं साधारण ३ किलोमीटर जातं, आणि १९२वर उतरलं तर ६पर्यंत. म्हणजे दुधाळ्याच्या त्या एका हातावर आपली जुनी जोडी अंथरली, तर दोन एमबी काही दुसऱ्या टोकाला पोचायचे नाहीत. थोडं खाली उतरलं की लिंक उठेल. हा हिशेब मी वहीच्या मागच्या पानावर करून ठेवलाय. कोणी विचारलेला नाही.